पहिला पसंतीक्रम

१९८४चा जुलै. हार्बरच्या लोकलमधून तुम्ही चेंबूरला उतरता, तेव्हा पाऊस नुकताच थांबलाय आणि आरसीएफच्या खत कारखान्याकडून येणारा उग्र वास हवेत आहे. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून खडखडाट ऐकू येतोय. वर चढा. टायपिंग क्लास आहे. मशीनवर बहुतेक मुलीच, मिनिटाला चाळीस शब्दांच्या सरकारी परीक्षेची तयारी करणाऱ्या. पेपरातल्या ‘लेडी टायपिस्ट पाहिजे’च्या छोट्या जाहिराती त्यांना पाठ आहेत. यंत्र बाईने चालवायचं आणि घडवायचं पुरुषाने, ही वाटणी इतकी मुरलीय की कुणाला खटकतही नाही. शेजारीच ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६९ साली टीडीसी-१२ हा भारतीय बनावटीचा संगणक तयार झाला; इथल्या मुलींनी अजून संगणक पाहिलेलाही नाही.

त्यांच्यातलीच एक घरी निघालीय. तिच्या मागोमाग जा. बारावीला गणितात उत्तम गुण आहेत, इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचाय. यंदाच चेंबूरमध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटीने इंजिनिअरिंग कॉलेज काढलंय, त्यामुळे घरात तोच विषय. घरात संगणक नाही. भावासाठीही नाही. इथे जरा थांबा.

याच काळात अमेरिकेत काय चाललंय? १९७७च्या ‘अॅपल टू’च्या जाहिरातीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक आहे, नवरा त्यावर काम करतोय आणि मागे ओट्याशी भाजी चिरणारी बायको वळून कौतुकाने बघतेय. पुढच्या जाहिरातींत नवऱ्याच्या जागी बहुधा मुलगा आला, आणि घरचा संगणक त्याच्याच खोलीत गेला. तो कॉलेजात पोचला तो निम्मं शिकूनच, आणि मुलगी पहिल्याच दिवशी मागे. १९८४च्या सुमारास तिथल्या संगणकशास्त्राच्या पदव्यांपैकी सुमारे ३७ टक्के मुलींकडे जात होत्या. पुढे हा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. जाहिरात हे एकमेव कारण नव्हे, पण मला ते मोठं कारण वाटतं.

चेंबूरच्या या भावाला तशी आघाडी मिळालेलीच नाही. कीबोर्ड दोघांनाही कॉलेजातच भेटणार. उलट टायपिंग केलेल्या बहिणीची बोटं त्याच्या आधी धावतील!

बाबा फॉर्मवर बोट ठेवतात. ‘कॉम्प्युटर लिही. एसीत बसून काम. मेकॅनिकलला कारखान्यात कुठे उभी राहशील तू?’

यांचा राग येत नाही; पोरीला शिकवायला निघालेला बाप आहे. पण हे कारण मला मान्य नाही. तिने संगणक घ्यावा तो त्यात डोकं रमतं म्हणून, कारखान्याचं दार तिच्यासाठी बंद आहे म्हणून नव्हे.

तुम्ही त्यांना दहाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगा. १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत छापलं होतं, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. बंगळुरूला संगणकशास्त्रात एम.ई. करणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पुण्यात मुलाखत झाली, आणि टेल्कोत इंजिनिअर म्हणून त्या रुजू झाल्या.

‘अशी एखादीच असते,’ बाबा म्हणतात.

‘बाकीच्यांना अर्ज करू नका असं छापूनच सांगितलं होतं ना, बाबा,’ मुलगी म्हणते.