हॅम्बर्गला नोकरी लागली? बॅगा भरण्याआधी हे वाचा

घरातली निव्हियाची निळी डबी ज्या कंपनीची, ती बायर्सडॉर्फ हॅम्बर्गची. न्हावाशेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरवर दिसणारे हापाग-लॉइडचे केशरी कंटेनर, त्या कंपनीचं मुख्यालयही हॅम्बर्गलाच. इंडिगोने उडताना आपण ज्या ए३२० जातीच्या विमानात बसतो, त्या विमानांची जुळणी करणारा एअरबसचा एक मोठा कारखाना याच शहरात, फिंकनवेर्डरला आहे.

म्हणजे शहर आपल्याला वाटतं तितकं अनोळखी नाही. जर्मनीचं हे सगळ्यात मोठं बंदर. गंमत म्हणजे समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब आहे. मोठमोठी जहाजं एल्बे नदीतून आत येतात. वस्ती साधारण १९ लाख, आणि शहर हेच एक स्वतंत्र राज्य. आयटी, विमानबांधणी, जहाज वाहतूक, पवनऊर्जा अशा क्षेत्रांत भारतातून बरीच मंडळी इथं नोकरीला जातात.

पण ऑफर लेटर हातात पडलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. खरी कसरत तिथं उतरल्यावर सुरू होते.

आधी घर की आधी पत्ता?

जर्मनीत राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो. याला म्हणतात ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो. ही नोंद झाली की टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी येतो. तो नंबर नसेल तर कंपनी तुमचा पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात महाग टॅक्स वर्गात धरू शकते. जास्तीचा कापलेला पैसा पुढे परत मिळतो, पण नेमका पहिल्याच महिन्यात खिसा रिकामा होतो.

आता अडचण अशी, की हॅम्बर्गमध्ये घर मिळणं महाकठीण. एका खोलीसाठी डझनावारी लोक रांगेत असतात. मालक पगाराच्या तीन स्लिपा मागतो आणि ‘शूफा’ नावाचा पतअहवाल मागतो. कालच उतरलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून बहुतेक जण पहिले दोन-तीन महिने सामानासकट भाड्याने मिळणाऱ्या तात्पुरत्या खोलीत काढतात. ती घेताना एकच प्रश्न आधी विचारा: इथं आनमेल्डुंग करता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं तर खोली कितीही छान असली तरी पुढं चला.

आणि फसवणूक इथंच होते. फोटो सुंदर, भाडं स्वस्त, मालक म्हणे सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरियरने येईल. किल्ली कधीच येत नाही. पुण्यात बसून घर बघताना मोह होतो, कबूल आहे. तरी घर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. विजेचं बिल बहुतेक वेळा त्याहून वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकंच घेता येतं, असा कायदाच आहे, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. आणखी एक धक्का: रिकामं घर म्हणजे कित्येकदा अगदी रिकामं. ओटा, सिंक, दिवेसुद्धा नसतात. आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो.

पेटीवर नाव नाही, तर पत्र नाही

हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण यात भलेभले अडकतात. इथं फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव लावलं नसेल तर टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं परत जातं. घरात शिरल्या दिवशी पहिलं काम हेच. आणि चिठ्ठीवर तेच आडनाव लिहा जे पासपोर्टवर आहे.

पत्रं जर्मनमध्ये येतात आणि त्यात मुदत असते. ‘नंतर बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेलं पत्र पुढे दंड घेऊन येतं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचा. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी द्यावे लागतात. अनेकांना हे पत्र म्हणजे फसवणूक वाटते. ती नाही.

पगार किती, हातात किती?

२०२५ साली ‘ब्लू कार्ड’साठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. ज्या व्यवसायांत माणसं कमी आहेत त्यांना आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना ही अट थोडी सैल आहे. हा आकडा दरवर्षी बदलतो. एवढ्या पगारावर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,६०० युरो येतात. त्याचे रुपये करून खूश होऊ नका. त्यातून घराचं भाडं सहज हजाराच्या आसपास जातं.

कापला जातो तो पैसा वाया मात्र जात नाही. आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. हॅम्बर्गमध्ये पाळणाघरात रोज पाच तास मुलांना फुकट ठेवता येतं, दुपारच्या जेवणासह. सरकारी शाळेला फी नाही. ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते.

नाव नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात, त्याचंही कारण पैसाच आहे. चर्चचे नोंदणीकृत सभासद असाल तर टॅक्सवर आणखी ९ टक्के चर्च टॅक्स लागतो. वसई किंवा गोव्याच्या ख्रिश्चन मंडळींनी तो रकाना समजून भरावा.

नोकरी गेली तर?

याबद्दल निघताना कुणी बोलत नाही. पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. व्हिसा नोकरीला जोडलेला, त्यामुळे पोटात गोळा येतो. पण लगेच विमानाचं तिकीट काढायची गरज नसते.

कामावरून काढल्याचं पत्र कागदावर आणि सहीसह द्यावं लागतं, ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. पत्र हातात आल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात आव्हान देता येतं. ही मुदत चुकली तर दार बंद. मॅनेजर ‘इथं फक्त सही कर’ म्हणून समेटाचा कागद पुढं करेल, तेव्हा सही न करता घरी घेऊन या आणि जाणकाराला दाखवा. त्याच दिवशी रोजगार कार्यालयात नाव नोंदवा आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवा. नवी नोकरी शोधायला वेळ मिळतो. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरला असेल, तर बेकारी भत्त्याचा हक्क तयार होतो: आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलत असाल तर तेही कळवावं लागतं.

‘मोइन’

सकाळ असो की रात्र, हॅम्बर्गकर एकमेकांना ‘मोइन’ म्हणतात. दोनदा म्हटलं तर बडबड्या समजतात, असा तिथला विनोद आहे. माणसं तुसडी नाहीत, पण जवळ यायला वेळ घेतात. आपल्याला एक गोष्ट सोपी जाते: जर्मनमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. ऑफिसात बॉसलाही ‘तू’ म्हणतील, पण सरकारी खिडकीवर ‘तुम्ही’च.

ऑफिस इंग्रजीवर चालतं, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट इंग्रजीवर चालेलच असं नाही. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात बी१ पर्यंत शिकून गेलात तर आणखी एक फायदा: ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. नुसती ए१ पातळी असेल तर २७ महिने.

रविवारी दुकानं बंद. ड्रिल मशीनही बंद, शेजारी तक्रार करतात. उघडा असतो तो पहाटेचा मासळी बाजार, आणि साडेनऊला तोही आवरतो. फिरायला पैसे नकोत: ६२ नंबरची फेरीबोट बस-ट्रेनच्याच तिकिटावर चालते आणि अख्खं बंदर दाखवते.

भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स इथं सहा महिनेच चालतं. मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने.

भाडं जरा परवडतं म्हणून बरेच जण विल्हेल्म्सबुर्गला घर बघतात. फेब्रुवारी १९६२ मध्ये वादळाने एल्बेचं पाणी बांध फोडून शहरात शिरलं आणि ३१५ माणसं गेली. त्यातली बहुतेक याच भागातली. बांध आता पुष्कळ उंच आहेत. तरी भोंगा कशाचा, कुठं जायचं, हे नदीकाठी राहणाऱ्याने पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावं.

राहिला हिवाळा. डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो आणि उगवतो साडेआठला. पाऊस मुसळधार नाही, नुसती दिवसभर पिरपिर. नोव्हेंबरच्या आत गाठ घ्यावी ती गावातल्या मराठी मंडळींची. जूनमध्ये हेच शहर रात्री दहापर्यंत उजेडात असतं आणि एल्बेच्या वाळूत बसलेले लोक घरी जायला तयार नसतात.