जुनी कमांड, नवी फायरवॉल : 'सुसंगतता' म्हणजे नेमके काय?



घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून त्याचा छोटा सर्व्हर करणारे आपल्यात बरेच आहेत. कोणाचे मशीन ऑकलंडच्या गॅरेजमध्ये, तर कोणाचे सांगली-पुण्याला आई-वडिलांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी. अशा मशीनची फायरवॉल एकदा कधीतरी कमांड देऊन लिहिलेली असते आणि मग वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मशीन अपग्रेड केले तरी त्याच जुन्या कमांड बिनतक्रार चालतात. त्या का चालतात हे मी कधी बघितलेच नव्हते, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेख. (विंडोजवाल्यांनी थेट पाककृतींच्या पानाकडे वळायला हरकत नाही.)

एक सूचना : कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरावीत.

सांगलीचे मशीन

जुलै २०१९ मध्ये डेबियन १० आले. पुढच्याच महिन्यात एका संध्याकाळी मी ऑकलंडहून सांगलीच्या घरचे मशीन ९ वरून १० वर नेले. त्यावर घराची कागदपत्रे, बाबांचे तपासण्यांचे रिपोर्ट आणि आईने हौसेने स्कॅन करून घेतलेले जुने फोटो होते. मशीनला थेट सार्वजनिक पत्ता होता, मध्ये राउटर नाही. म्हणजे फायरवॉल हेच एकमेव दार. अपग्रेडनंतर मी रिबूट केले नाही. ते उठलेच नाही तर तिकडे कोण बघणार, ही भीती.

त्याच बैठकीत एसएसएचचे पोर्ट बदलायचे ठरवले. नवे पोर्ट उघडायचा नियम दिला. यादी पाहिली, नियम दिसला. यादीत तो एकच नियम आहे, बाकीचे दिसत नाहीत, हे मात्र डोक्यात शिरले नाही. नियम सेव्ह केले, एसएसएच नव्या पोर्टवर नेले आणि बाहेर पडलो. पुन्हा आत जायला बघतो तर दार बंद!

ऑकलंडला रात्रीचे नऊ, म्हणजे सांगलीत दुपारचे अडीच. बाबांची वामकुक्षी मोडली, बटण दाबून मशीन बंद-चालू करायला लावले. मशीन उठले, मी आत गेलो, बाबांना धन्यवाद दिले आणि विषय संपला असे समजून झोपलो. आठवड्याने लॉग चाळला, तर फक्त घरातल्यांसाठी ठेवलेल्या पोर्टांवर कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांच्या चकरा. फायरवॉलमध्ये तो एक नियम सोडून काहीही नव्हते. सात दिवस मशीन उघड्यावर होते. पासवर्ड होते म्हणून निभावले.

झाले काय होते?

आयपीटेबल्स १.८ (जुलै २०१८) पासून एकाच नावाच्या दोन कमांड आहेत. एक जुनी, 'आयपीटेबल्स-लेगसी'. ती कर्नलमधल्या जुन्या तक्त्यांत नियम लिहिते. दुसरी 'आयपीटेबल्स-एनएफटी', बोलायची भाषा तीच, पण नियम जातात एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेत. नुसते 'आयपीटेबल्स' म्हटले की कोणती चालेल हे मशीन ठरवते, आणि डेबियन १० पासून उत्तर 'नवी' असे आहे.

आता माझ्या मशीनवर अपग्रेडपूर्वीचे नियम जुन्या तक्त्यांत जिवंत होते, कारण रिबूट झाले नव्हते. नवा नियम नव्या यंत्रणेत गेला. येणाऱ्या पॅकेटला मात्र दोन्हीकडून परवानगी लागते. सोसायटीला दोन फाटके असावीत, दोघा वॉचमनच्या वह्या वेगळ्या, आणि पाहुण्याचे नाव आपण एकाच्याच वहीत लिहून यावे, तसे. सेव्ह करताना नवी वहीच सेव्ह झाली, तिच्यात एकच ओळ. रिबूटनंतर जुनी वही पुसली गेली आणि उरली ती एक ओळ. सेव्ह करताना पडद्यावर इशारा आलासुद्धा होता, की लेगसी तक्ते शिल्लक आहेत, ते बघायला लेगसी कमांड वापरा. चूक माझीच, इशारे वाचायची सवय नाही.

ही पद्धत जुनीच

लिनक्समध्ये फायरवॉलची कमांड आजवर तीनदा बदलली, आणि दर वेळी जुन्या लोकांसाठी काही ना काही सोय ठेवली गेली. २.० कर्नलच्या काळात 'आयपीएफडब्ल्यूअ‍ॅडम' होते. जानेवारी १९९९ मधल्या २.२ बरोबर 'आयपीचेन्स' आले. त्याच्यासोबत एक छोटी स्क्रिप्ट मिळे. ती जुन्या कमांडचा नव्या भाषेत अनुवाद करून पुढे देई. जानेवारी २००१ च्या २.४ मध्ये नेटफिल्टर आणि आयपीटेबल्स आले. तेव्हा तर कर्नलमध्येच आयपीचेन्सचे मॉड्यूल ठेवले होते. ते घातले की जुनी कमांड जशीच्या तशी चाले. अट एकच, आयपीटेबल्स त्याच वेळी वापरायचे नाही. माझ्या मते हीच सर्वांत प्रामाणिक सोय होती. जुने हवे तर जुने घ्या, नवे हवे तर नवे, दोन्हीची खिचडी करू देणार नाही. पुढे २.६ मालिकेत ते मॉड्यूल काढून टाकले गेले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे 'बघू नंतर' म्हटले होते ते अडकले.

कारण तो बदल नुसता नावांचा नव्हता. 'डिनाय'चे 'ड्रॉप' झाले, लहान अक्षरांतले 'इनपुट' मोठ्या अक्षरांत गेले, हे सोपे. पण आयपीचेन्समध्ये पुढे पाठवायची पॅकेटेही इनपुटमधून जात. आयपीटेबल्समध्ये इनपुट म्हणजे फक्त या मशीनसाठी आलेली. नुसते शब्द बदलून स्क्रिप्ट चालवली, तर ती चालायची, पण अर्थ बदललेला असायचा.

आयपीचेन्स आणि आयपीटेबल्स या दोन्हींचे एक प्रमुख कर्ते रस्टी रसेल हे आपल्या शेजारचे, ऑस्ट्रेलियाचे. १९९९ मध्ये मेलबर्नला त्यांनी भरवलेल्या परिषदेतूनच 'लिनक्स डॉट कॉन्फ डॉट एयू' उभी राहिली, आणि नावात ऑस्ट्रेलिया असूनही ती आपल्याकडे चारदा भरली : ड्युनेडिन २००६, वेलिंग्टन २०१०, ऑकलंड २०१५, ख्राइस्टचर्च २०१९.

ख्राइस्टचर्चचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवे. अलाइड टेलेसिस या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचे विकासकेंद्र तिथे आहे. तिथल्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये नेटफिल्टरच्या 'मास्करेड'मध्ये एक नवी सोय सुचवली : एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटताना प्रत्येकाने ठरावीक पोर्टच वापरावीत (आरएफसी ७५९७). असा नवा पर्याय घालताना जुन्यांचे काय, हा प्रश्न येतोच. त्यासाठी नेटफिल्टरची रीत अशी, की प्रत्येक भागाला 'रिव्हिजन' क्रमांक असतो. नव्या माहितीसाठी नवा क्रमांक काढतात, जुना तसाच ठेवतात. जुनी कमांड जुन्या क्रमांकाने बोलते, कर्नल तिला ओळखतो. म्हणून कर्नल नवा आणि कमांड जुनी असली तरी बहुधा अडत नाही.

पर्याय, जे आहेत पण काही करत नाहीत

सुसंगततेचे गमतीदार उदाहरण म्हणजे '-डब्ल्यू'. जुन्या आयपीटेबल्सवर दोन प्रोग्राम एकाच वेळी नियम बदलू लागले तर गोंधळ होई, म्हणून २०१३ मध्ये कुलूप आले आणि 'कुलूप सुटेपर्यंत थांब' सांगायला '-डब्ल्यू'. एनएफटी प्रकारात बदल एकगठ्ठा होतात, त्या कुलपाची गरजच नाही. तरीही '-डब्ल्यू' दिले तर कमांड ते निमूट घेते आणि सोडून देते. नाकारले असते तर जगभरच्या हजारो स्क्रिप्ट त्या ओळीवर थांबल्या असत्या. तसेच 'स्टेट' हा जुना शब्द : काम आता 'कॉनट्रॅक' करतो, पण शब्द चालू ठेवला आहे.

उलट्या दिशेचा प्रश्न मात्र अलीकडचा. नवी आयपीटेबल्स-एनएफटी बरेच नियम एनएफटेबल्सच्या मूळ रूपात लिहू लागली आहे. ते रूप जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. एकाच मशीनवर बाहेर नवी आवृत्ती आणि कंटेनरच्या आत जुनी असेल, तर एकाने लिहिलेले दुसऱ्याला कळत नाही. त्यावर २०२३ मध्ये विकसकांनी '--कॉम्पॅट' पर्याय मांडला : नियम असा लिही, की जुन्यालाही वाचता यावा. तुमच्या आवृत्तीत तो आहे का हे मॅन पानात बघा. घरच्या एकट्या मशीनला त्याची गरज नाही.

तुमच्या मशीनवर काय करायचे?

आधी 'आयपीटेबल्स -व्ही' (मोठे व्ही). कंसात 'एनएफ_टेबल्स' आले तर नवी, 'लेगसी' आले तर जुनी. मग 'आयपीटेबल्स-लेगसी-सेव्ह' आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट' दोन्ही चालवा. नियम दोन्हीकडे दिसले तर तुमची गत माझ्यासारखीच.

तसे असेल तर लेगसीचे नियम फाइलीत सेव्ह करून ती फाइल 'आयपीटेबल्स-एनएफटी-रिस्टोअर'ला द्या. लक्षात ठेवा, यात नव्या यंत्रणेतले त्याच तक्त्याचे आधीचे नियम पुसले जातात. म्हणून हवे असतील ते फाइलीत आधी घालून घ्या. यादी डोळ्यांनी तपासा. त्यानंतरच जुने तक्ते रिकामे करा, आणि तेही क्रमाने : आधी लेगसीची पॉलिसी 'अ‍ॅक्सेप्ट', मग '-एफ'. उलटे केले आणि पॉलिसी 'ड्रॉप' असली, तर तुम्ही बाहेर आणि मशीन आत. आयपी आवृत्ती ६ साठी हे सगळे 'आयपी६टेबल्स'ने वेगळे करावे लागते. ते विसरणारे फार.

दूरच्या मशीनवर 'आयपीटेबल्स-अप्लाय' वापरा. ती नियम लावून विचारते, नवी जोडणी होते आहे का? ठरलेल्या वेळात उत्तर दिले नाही तर जुने नियम परत आणते. मुळात वेळ दहाच सेकंद असतो. भारतातल्या मशीनसाठी तो वाढवून घ्या.

लेगसीलाच चिकटून राहायचे तर डेबियनमध्ये 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ने ती निवडता येते. पण २०१९ च्या रेड हॅट ८ ने लेगसी दिलीच नाही, आणि आयपीचेन्सचे काय झाले ते वर आलेच आहे. नवी भाषा शिकायची असेल तर 'आयपीटेबल्स-रिस्टोअर-ट्रान्सलेट' जुनी फाइल घेऊन एनएफटीची दाखवते.

फायबरवर स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी राउटर लावणाऱ्यांनी : २२.०३ आवृत्तीपासून (२०२२) तिथेही एनएफटेबल्स आहे. मुख्य फायरवॉल फाइलीची मांडणी तीच ठेवल्याने सहसा काही बदलावे लागत नाही. 'फायरवॉल डॉट यूजर'मध्ये हाताने लिहिलेल्या आयपीटेबल्सच्या ओळी मात्र आपोआप चालत नाहीत. त्या घातल्या होत्या का, हे अपग्रेडच्या आधी आठवून बघा.

सांगलीच्या मशीनपुढे आता एक राउटर आहे, आणि बाबांच्या फोनमध्ये मशीन बंद-चालू करायची पद्धत मराठीत लिहून ठेवली आहे. दुपारी एक ते चारमध्ये मी फोन करत नाही.