शस्त्रावरची अक्षरे

खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांतून शस्त्रे बाहेर काढण्याची चाल आहे. वर्षभर पेटीत किंवा कोनाड्यात पडून राहिलेली तलवार त्या दिवशी पुसली जाते, तिला तेलाचे बोट लागते, झेंडूची माळ चढते आणि पूजा आटोपली की ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. एखाद्या घरी तिच्या शेजारी चकमकीचे जुने पिस्तूलही असते. त्याचा घोडा सैल झालेला असतो आणि नळीत गंज साचलेला असतो. ते उडणार नाही हे घरातील लहान मुलासही ठाऊक असते, तथापि ते टाकून द्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. जे चालवावयाचे नाही ते जपावयाचे कशासाठी, हा प्रश्न साधा दिसतो, परंतु पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे जमविण्याच्या छंदाचे सारे मर्म त्यात सामावलेले आहे.

शस्त्रांमध्ये पिस्तूल हे अगदी खासगी शस्त्र होय. तोफ राज्याची, बंदूक पलटणीची, पण पिस्तूल एका माणसाचे. त्याची मूठ एका हाताच्या मापाची असते आणि त्यावरील नक्षी एकाच्या आवडीची असते. आपल्याकडे ते उशिरा रुळले, याचे कारण यंत्ररचनेत सापडते. हिंदुस्थानात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. ती स्वस्त होती, गावच्या लोहारासही दुरुस्त करता येई आणि तिला उत्तम पोलादाची कमान लागत नसे. परंतु तोडा सारखा जळत ठेवावा लागे, आणि जळता तोडा लावलेले हत्यार कमरेस खोवता येत नाही. गारगोटीच्या ठिणगीने रंजक पेटविणारी चकमकीची कळ आली, तेव्हाच पिस्तूल खऱ्या अर्थाने कमरपट्ट्यात आले. पुढे १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. हे गृहस्थ पक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन होते. त्यांच्या शोधातून टोपीची बंदूक निघाली, आणि टोपीच्या आधारावर सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे, पेटंट मिळविले. तोडा, चकमक आणि टोपी या तीन पायऱ्या ध्यानात ठेवल्या म्हणजे कोणत्याही जुन्या पिस्तुलाचा काळ ढोबळ मानाने सांगता येतो.

कळ पाहून इतिहास कसा सांगता येतो, याचे एक उदाहरण गोमंतकाच्या भूमीतले आहे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवे जिंकले, तेव्हा तेथील शस्त्रशाळांतील कारागीर त्याच्या हाती लागले. १५१३ मध्ये आपल्या राजास लिहिताना त्याने या गोमंतकीय बंदूककारांची वाखाणणी केली. त्यांचे काम बोहेमियातील नामांकित कारागिरांच्या तोडीचे आहे, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदूक पोहोचली आणि जपानी लोहारांनी तिच्या हुबेहूब प्रती केल्या. विसाव्या शतकातील संग्राहकांनी जपानी बंदुकीची कळ आणि गोव्याकडील जुन्या बंदुकीची कळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींत जळता तोडा कमानीच्या झटक्याने रंजकावर आदळतो. यावरून, जपानात गेलेली बंदूक लिस्बनची नसून पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांच्या परंपरेतील असावी, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. हा तर्क सुचला तो हौसेने जमविलेल्या आणि बारकाईने न्याहाळलेल्या कळांवरून. छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या छंदाचे दुसरे अंग म्हणजे शस्त्र आपल्या मनाजोगते करून घेणे. ही हौस मराठ्यांना नवी नव्हती. युरोपातून आलेले सरळ, लांब पाते घ्यावयाचे आणि त्याला देशी खंड्याची मूठ बसवावयाची, हा प्रघात इतका रूढ झाला की, त्या तलवारीला ‘फिरंग’ हेच नाव पडले. पाते परक्याचे, पण पकड आपली. बंदुका आणि पिस्तुले यांच्या बाबतीतही देशोदेशी हेच घडले. विलायती नळीला देशी लाकडाचा दस्ता बसे आणि पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची किंवा रुप्याची तार ठोकून बसविली जाई. या कामाला कोफ्तगारी म्हणतात. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने तर आपल्या कारखान्यांतून चकमकीच्या पिस्तुलांचे जोड तयार करविले. त्या जोडांतील एका पिस्तुलाची कळ उजव्या बाजूस आणि दुसऱ्याची डाव्या बाजूस असे, जणू एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंबच. त्यांवर वाघाची आकृती असे आणि कारखान्याचे नाव व साल हीही कोरलेली असत. पश्चिमेकडे कोल्टने हीच युक्ती व्यापारासाठी योजिली. सोन्याच्या नक्षीची रिव्हॉल्व्हरे त्याने तुर्कस्तानच्या सुलतानास आणि रशियाच्या झारास नजर केली. राजाच्या हाती शोभेचे एक शस्त्र दिले की सैन्यासाठी साध्या शस्त्रांची मागणी येईल, हा त्याचा हिशेब होता.

शस्त्र ज्याने वापरले, त्याने किंवा त्याच्यासाठी कारागिराने केलेला असा बदल हा त्या शस्त्राच्या चरित्राचाच भाग होय. बदललेली मूठ, सांधलेला दस्ता, टोपीसाठी पालटून घेतलेली चकमकीची कळ ही सारी त्याच्या आयुष्यातील प्रकरणे आहेत. ती पुसून मूळ रूप परत आणू पाहणे, हेही एका परीने चरित्र खोटे करण्यासारखेच आहे.

ही चरित्रे जपली गेली असती, तर मराठ्यांच्या शस्त्रांचा इतिहास आज निराळा लिहिता आला असता. परंतु राज्ये गेली तशी शस्त्रागारेही गेली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूच्या शस्त्रांची वाटणी कंपनीच्या अधिकाऱ्यांत झाली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांच्या चीजवस्तू लिलावात निघाल्या. सर्वांत उद्वेगजनक हकीकत तंजावरची आहे. सरफोजीराजांनी ज्या वाड्यात सरस्वती महालाचे ग्रंथ जपले, त्याच परिसरात मराठ्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे शस्त्रागार होते. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने राजपदाबरोबर वाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. परंतु हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निकाल १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिला. पुढील काही वर्षांतच शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयाकडे गेले आणि उरलेल्या शस्त्रांचे तुकडे करून ते मोडीच्या भावाने विकण्यात आले. नायकांच्या आणि मराठ्यांच्या काळातील कोरीव मुठी, कट्यारी आणि अंकुश लोखंड म्हणून तराजूत पडले. मद्रासला जे नग पोहोचले, त्यांच्यावरच आज दक्षिणी शस्त्रविद्येचा अभ्यास बव्हंशी उभा आहे. कोणाच्या तरी निवडीमुळे वाचलेल्या मूठभर वस्तूंवर एका परंपरेचे ज्ञान असे अवलंबून राहावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यानंतर कायदा आला. १८५७ च्या उठावानंतर नि:शस्त्रीकरणाच्या मोहिमा झाल्याच होत्या. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या घरातील शस्त्र परवान्याच्या कक्षेत आणले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेद राष्ट्रसभेला खुपला आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्यावर कडाक्याची चर्चा झाली. कायद्याचा राजकीय परिणाम सर्वश्रुत आहे, परंतु त्याचा छंदावर झालेला परिणाम सहसा कोणी सांगत नाही. पिस्तुले जमविणे हा संस्थानिकांचा आणि साहेबांचा शौक होऊन बसला. राजवाड्यांतील दिवाणखान्यात विलायती पेढ्यांची रिव्हॉल्व्हरे मखमलीवर मांडली गेली. सामान्य घरातील पणजोबांचे पिस्तूल मात्र भीतीपोटी सरकारात जमा झाले, विहिरीत गेले किंवा माळ्यावर गंजत पडले. ज्याच्यापाशी वैभव होते त्याचा इतिहास काचेच्या कपाटात राहिला, आणि ज्याच्यापाशी केवळ आठवण होती त्याचा नाहीसा झाला.

या परिस्थितीत सामान्य माणसाच्या वस्तूंकडे वळलेला संग्राहक विरळाच. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, हे अशांपैकी अग्रगण्य होत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. दिवा, अडकित्ता, दौत, वाद्य, दाराची चौकट आणि शस्त्र या सर्वांना त्यांनी एकाच पंक्तीला बसविले. १९६२ मध्ये अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावाने संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांच्या संग्रहात शस्त्र हे पराक्रमाची मिरवणूक म्हणून येत नाही. ते माणसाने घडविलेली आणि हाताळलेली एक वस्तू म्हणून येते. शस्त्रांच्या छंदाला आवश्यक असलेली ही शुद्ध दृष्टी होय.

ही दृष्टी नसली म्हणजे काय होते, ते बाजारात दिसते. जुने पिस्तूल हाती आले की हौशी मनुष्य प्रथम ते चकचकीत करावयास घेतो. गंजाबरोबर पोलादाचा जुना रंग जातो, आणि रंगाबरोबर नळीवरील बारीक ठसेही झिजतात. वस्तुत: ते ठसे हीच त्या शस्त्राची जन्मपत्रिका होय. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची स्थापना १८१३ मध्ये झाली. तेथील ठसा असला तर नळी त्यानंतर तपासली गेली, हे निश्चित होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या शस्त्रांवर चार भागांत विभागलेले हृदयाचे चिन्ह असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून कळीवर मागील पायांवर उभा राहिलेला सिंह दिसू लागतो. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक घातलेला असे. ते क्रमांक जुळले नाहीत तर दोन शस्त्रांचे एक केले आहे, हे जाणत्यास तत्काळ उमगते. सराफ जसा कसोटीवर सोने पाहतो, तसा संग्राहक भिंगाखाली ही अक्षरे पाहतो. जो ती घासून टाकतो आणि वर नवी नक्षी कोरून घेतो, त्याच्यापाशी सुंदर वस्तू उरते, परंतु साक्षीदार उरत नाही.

या अक्षरांचे मोल नुकतेच प्रत्ययास आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात एक फिरंग विक्रीस आली. पाते युरोपीय, मूठ सोन्याच्या कोफ्तगारीची, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ ही त्यांची पदवी. महाराष्ट्र शासनाने ती घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. समुद्रापार परक्यांच्या घरी गेलेल्या या तलवारीने आपले कूळ स्वत: सांगितले, कारण मधल्या काळात कोणी तिची अक्षरे घासली नव्हती. तीच नक्षी आणि तेच पाते अक्षरांवाचून आले असते, तर लिलावाच्या यादीतील एक दख्खनी तलवार यापलीकडे तिची ओळख उरली नसती.

स्वतंत्र भारताचा शस्त्रकायदा १९५९ चा असून तो १९६२ मध्ये अमलात आला. एका व्यक्तीने किती अग्निशस्त्रे बाळगावीत, यावर १९८३ मध्ये तीनची मर्यादा आली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. त्यामुळे चालत्या पिस्तुलांचा मोठा संग्रह करणे आपल्या देशात सामान्य नागरिकास शक्य नाही, आणि माणसाच्या जिवाचे मोल जाणणाऱ्यास याचे दु:ख होण्याचे कारण नाही. परंतु त्याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने एक दार उघडे ठेवले आहे. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके असे जे शस्त्र दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्यास हा कायदा लागू नाही. खंडेनवमीचे ते पिस्तूल अशांपैकी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी मात्र जाणत्या माणसाचा शब्द लागतो. तो वेळीच मिळाला नाही, तर घाबरलेले घर वारशाचे पिस्तूल भंगारात लोटून मोकळे होते, आणि तंजावरचा तराजू पुन्हा एकदा हलतो.

या कायद्याचे आठवे कलम विशेष लक्षणीय आहे. अग्निशस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, बदलणे किंवा बनावट खूण करणे त्याने निषिद्ध ठरविले आहे. गुन्हेगाराचा माग लागावा, हा त्यामागील हेतू. परंतु इतिहासाचा माग लागावा म्हणून खऱ्या संग्राहकाने आपल्या हौशीला घालून घ्यावयाचा निर्बंधही अक्षरश: हाच आहे. नळी झिजो, घोडा तुटो, मूठ तडको. नाव मात्र पुसता कामा नये. मारण्याची शक्ती गेल्यावर शस्त्रापाशी सांगण्याची शक्ती तेवढी उरते, आणि ती काढून घेतली म्हणजे ते केवळ लोखंड होते.