पदवी आणि प्रकृती

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबईस कालवश झाले. वय अवघे ४३. भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद करून पाश्चात्त्य पंडितांत ज्यांनी नाव मिळविले, राष्ट्रसभेच्या पहिल्या अधिवेशनाच्या उभारणीत ज्यांचा हात होता आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होण्याचा मान ज्यांना नुकताच १८९२ साली लाभला होता, असा हा पुरुष. त्यांच्या मागे दोन आसने रिकामी झाली. हायकोर्टातील आसनावर महादेव गोविंद रानडे आले आणि कुलगुरूंच्या आसनावर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. रानडे तेलंगांहून आठ वर्षांनी वडील, भांडारकर तेरा वर्षांनी. धाकट्याची जागा वडिलांनी चालविण्याचा हा उलटा वारसा त्या दोघांनाही बोचला असला पाहिजे.

कारण हे एकच मरण नव्हते. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले होते. वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या हाताशी असतो, ते फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य १८९२ साली पस्तिशी गाठण्यापूर्वीच गेले. त्यांच्या खुर्चीवर गोपाळ गणेश आगरकर बसले. तेही १७ जून १८९५ रोजी, चाळिशी न पाहता, निघून गेले. हे सारे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, आणि पदवीधरांतलेही वेचक. देशाने मोठ्या आशेने लावलेली झाडे पहिल्या बहरातच सुकावीत तशी ही माणसे गळून पडत होती. ‘शिकलेली माणसे लवकर का मरतात?’ हा प्रश्न त्या काळी घराघरांतून विचारला जाऊ लागला, यात नवल नाही.

१८९४ साली रानड्यांनी पदवीधरांच्या या अकाली मृत्यूंवर मुंबईत व्याख्यानच दिले. रानड्यांचा अधिकार दुहेरी होता. ते आणि भांडारकर दोघेही १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीतले. आणि खुद्द रानड्यांचे डोळे विद्यार्थिदशेतील अतिवाचनाने जे अधू झाले ते जन्मभर. परीक्षांचा बोजा उतरावा, एकाच दमात सर्व विषय उत्तीर्ण होण्याची सक्ती नसावी, मातृभाषेला विद्यापीठात पुनः स्थान मिळावे, यासाठी त्यांची खटपट अखेरपर्यंत चालू होती. व्याख्यान झाले त्या वर्षी आगरकर हयात होते. दम्याने जर्जर, पण ‘सुधारका’त लिहीत होते.

विद्यापीठाने विद्येस अग्रस्थान द्यावे की क्रीडेस आणि सहजीवनास, हा वाद आज कोठेही निघाला की आम्हांस ही मंडळी आठवतात. वाद घालणारे बहुधा असे गृहीत धरतात की, एकेकाळी विद्यापीठे निखळ विद्येची मंदिरे होती आणि खेळ, संमेलने, मंडळे ही मागाहून शिरलेली उपाधी होय. आमच्याकडील इतिहास याच्या नेमका उलट आहे.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेले होते. म्हणजे ते शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. आरंभी त्याला स्वतःची इमारत नव्हती, टाउन हॉलमधून त्याचा कारभार चाले. त्याला अध्यापक नव्हते, वसतिगृह नव्हते, क्रीडांगण तर दूरच. विद्यार्थी त्या विद्यापीठास भेटत असे ते परीक्षेच्या मंडपात आणि निकालाच्या कागदावर. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडून आणि गोमंतकातून मुंबईस आलेला मुलगा कोणा आप्ताच्या खोलीत पथारी टाकी, मिळेल ते खाई आणि दिव्याशी पुस्तक धरून बसे. क्रीडेला आणि सहजीवनाला पूर्ण वगळलेले विद्यापीठ कसे असते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने १८५७ नंतरची पहिली चाळीस वर्षे पाहावीत. त्यात विद्येला तरी अग्रस्थान होते काय? आमच्या मते नव्हते. अग्रस्थान परीक्षेला होते, आणि परीक्षा ही विद्येची कारकून आहे, मालकीण नव्हे.

याला अपवाद होते ते पुण्याचे डेक्कन कॉलेज. १८६८ साली ते येरवड्यास मुळा-मुठेच्या काठी नव्या वास्तूत गेले. शहरापासून अंतर, विद्यार्थ्यांना राहावयास खोल्या, खाली नदी, नदीत होड्या. १८७२ साली प्रवेश-परीक्षा उतरून बाळ गंगाधर टिळक या कॉलेजात दाखल झाले, ते कृश आणि नाजूक प्रकृतीचे. पुढे जे घडले ते त्यांच्या प्रत्येक चरित्रकाराने सांगितले आहे. पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांस जवळजवळ रजा दिली. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हविणे आणि भरपूर खाणे हाच त्या वर्षाचा अभ्यासक्रम. परीक्षेच्या वहीत ते वर्ष वाया गेले अशी नोंद पडली.

वाया गेलेल्या त्या वर्षाचा हिशेब पुढे वेगळ्याच ठिकाणी लागला. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मधुमेहाचा रुग्ण असलेला पन्नाशी उलटलेला तो माणूस मंडालेच्या तुरुंगात राहिला आणि ‘गीतारहस्य’ लिहून परत आला. सारे श्रेय त्या एका वर्षाच्या जोर-बैठकांना देणे हा भाबडेपणा होईल. पण कमावलेल्या त्या शरीराचा यात वाटा नाही असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच विद्यार्थ्याने केरोपंत छत्र्यांकडे गणित असे शिकून घेतले की पुढे बी. ए. ची परीक्षा तो पहिल्या वर्गात उतरला. तालमीने विद्येचे काही हिरावून घेतले नाही. तिने एक वर्ष घेतले, एवढेच.

त्या कॉलेजाने आणखी एक दिले, त्याची मोजदाद कोणत्याच परीक्षेत झाली नाही. टिळक एल्एल्. बी. चा आणि आगरकर एम्. ए. चा अभ्यास करीत असता दोघे एकत्र राहत. त्या दिवसांत रात्र-रात्र कॉलेजच्या परिसरात आणि आसपासच्या टेकड्यांवर त्यांचे वाद चालत: देशाला शिक्षण आधी हवे की आणखी काही, सरकारी नोकरी पत्करावी की नाही, शाळा काढली तर चालेल कशी. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्र्यांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले, पुढच्या वर्षाच्या आरंभी ‘केसरी’ निघाला, आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. ‘सोशल लाइफ’ म्हणून आज ज्या गोष्टीला नाके मुरडली जातात ती ही. गप्पाच त्या, पण एका खोलीत राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या. परीक्षेच्या कचेरीने टिळक-आगरकरांना पदव्या दिल्या; त्यांची गाठ घालून दिली ती येरवड्याच्या वसतिगृहाने.

येथे आमच्याच युक्तिवादाला एक अडचण येते, आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. आगरकरही त्याच कॉलेजात होते, तीच नदी, त्याच टेकड्या. तरी ते गेले. कारण तेथे पोचण्यापूर्वीच दारिद्र्याने त्यांच्या देहाचे देणे वसूल केले होते. अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुऊन वाळवावा आणि सकाळी तोच घालून वर्गात जावे, असे ज्याचे दिवस गेले त्यास ‘व्यायाम कर’ म्हणून सांगणे ही थट्टाच होय. उपाशी पोटी जोर काढता येत नाहीत. क्रीडेचा पुरस्कार करणाऱ्या कित्येकांना या गोष्टीचा विसर पडतो. मैदानाआधी खाणावळ लागते.

दुसरी अडचण भांडारकरांची. क्रीडेसाठी त्यांचे नाव कोणी घेत नाही. अखंड ग्रंथांत बुडालेले आयुष्य. आणि ते जगले ८८ वर्षे. तेव्हा अभ्यासाने माणूस मरतो हा त्या काळचा लोकप्रवाद खराच मानावयाचा तर भांडारकरांना कोठे बसवायचे? आम्हांस वाटते, अभ्यास मारक नाही. धास्ती मारक आहे. वर्षाकाठी एकदाच येणारी, सर्व विषय एकाच तागडीत तोलणारी आणि एका विषयात घसरल्यास सारे वर्ष बुडविणारी परीक्षा. तिच्या जोडीला लहानपणीच झालेले लग्न, गावाकडे पैशाची वाट पाहणारे कुटुंब आणि परक्या भाषेतील घोकंपट्टी. या साऱ्यांचे ओझे एकाच विशीतल्या खांद्यावर पडे.

मुंबईतील मैदाने मात्र तेव्हा ओस नव्हती. पारशी मंडळींनी १८४८ सालीच क्रिकेटचा क्लब काढला होता. १८८६ साली त्यांचा संघ इंग्लंडात खेळून आला आणि १८९० साली त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्रज संघास मुंबईच्या मैदानावर हरविले. हिंदूंचा जिमखाना स्थापन झाला १८९४ साली, म्हणजे ज्या वर्षी रानडे पदवीधरांच्या मृत्यूंची मीमांसा करीत होते त्याच वर्षी. हा योगायोगच असेल. तरी दोन्ही गोष्टी एकाच समाजाच्या एकाच अस्वस्थतेतून निघाल्या असाव्यात असे मानण्याचा मोह आम्हांस होतो. नोंद घेण्याची गोष्ट अशी की, यांत विद्यापीठ कोठेच नाही. मैदान समाजाने आखले, विद्यापीठाने नव्हे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात बडोदे कॉलेजचा एक विद्यार्थी जाऊ लागला. तोच पुढे स्वामी कुवलयानंद झाला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याने योगासनांना प्रयोगशाळेत नेले. १९३५ साली आंतरविद्यापीठीय क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया चषक सुरू झाला. आणि १९५७ साली, मुंबई विद्यापीठास शंभर वर्षे पूर्ण होत असता, ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे पदवी-महाविद्यालय निघाले. ज्याला विद्यापीठाने शंभर वर्षे दाराबाहेर उभे केले त्याचीच पदवी मिळू लागली!

अलीकडे, २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर, पदवीच्या अभ्यासक्रमात क्रीडा, योग, सांस्कृतिक कार्य यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. यावर कित्येक जण समाधान मानतात. आमचे समाधान अर्धेच आहे. ज्या परीक्षेने एके काळी मैदान ओसाड पाडले तिच्याच वहीत आता मैदानाचे नाव चढले. म्हणजे धावण्यासाठीही गुण आणि गुणांसाठी धावणे. टिळकांना त्या पहिल्या वर्षाचे श्रेयांक मिळाले असते तर, आमच्या मते, ते वर्ष त्यांच्या मनाप्रमाणे खर्चच करता आले नसते. विद्यापीठात विद्या पहिली, याबद्दल आमचा कोणाशी वाद नाही. ज्याला ग्रंथालयात कधीच जावयाचे नाही त्याने क्रीडांगणासाठी विद्यापीठ अडवू नये, हेही आम्ही मानतो. पण पहिलीला जागा मिळावी म्हणून दुसरीला आणि तिसरीला हाकलण्याचा प्रयोग आमच्या पूर्वजांनी एकदा करून पाहिला आहे, आणि त्याची किंमत तेलंगांच्या पिढीच्या आयुष्यांतून मोजली गेली आहे.

संस्कृतच्या प्राध्यापकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक नाव सांगणे भाग आहे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर १९२६ साली गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस १४८ धावा काढून नाबाद कीर्ती मिळवून गेले. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. त्या वेळी त्यांनी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली होती. ते गेले २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी. भांडारकरांची पुण्यतिथीही २४ ऑगस्टच.