लालबागेतील पालट

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा विस्तीर्ण विभाग आहे. १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविलेली व्हाईटफील्डची टुमदार वसाहत आज याच विभागात मोडते, आणि तिच्या अवतीभवती संगणकव्यवसायाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आणि ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या भागातील मंडळी मुलाबाळांसह मेट्रोने शहर ओलांडून लालबागेत पुष्पप्रदर्शन पाहावयास जातात. काचेच्या कचेरीतून निघून काचेच्याच घरात शिरावे, असा हा प्रवास असतो. तेथे लाखो फुलांनी रचलेली एखादी इमारत किंवा प्रतिमा उभी असते, भोवती गर्दीची रांग सरकत असते, आणि लहान मुलांची अशी सहजच समजूत होते, की ही बाग या प्रदर्शनासाठीच निर्माण झाली असावी.

ही समजूत चुकीची आहे. परंतु ती प्रत्येक पिढीची होत आली आहे, आणि तिच्यातच सार्वजनिक उद्यानांच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न दडलेला आहे. लोकांना दर खेपेस काही नवे हवे असते. बापाला ज्याचे नवल वाटले, ते मुलाला शिळे वाटते. मग जुने काढून नवे आणावे लागते. आणि असे काही वेळा केले, की मूळची बाग कशाची होती हेच कोणाला आठवेनासे होते. अमेरिकेत १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये ‘उद्याचे जग’ दाखविणारा एक भाग होता. तेथे प्रेक्षकांना बसल्या जागी चंद्राच्या प्रवासाला नेणारे एक अग्निबाण-यान होते. १९६७ मध्ये त्याचे नव्याने रूप पालटले. पुढे दोनच वर्षांत माणूस खरोखरच चंद्रावर उतरला, आणि १९७५ मध्ये त्याच यानाला मंगळाकडे वळवावे लागले. अखेर १९९२ मध्ये तेही बंद पडले. तेथील चालकांची युक्ती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे: साधन बदलले, मुक्कामाचे ठिकाण बदलले, पण प्रवासाची कल्पना त्यांनी सोडली नाही. लालबागेने हीच गोष्ट, कोणत्याही व्यापारी हिशेबाशिवाय, अडीच शतकांहून अधिक काळ केली आहे.

लालबागेच्या आवारात एक प्रचंड खडक आहे. भूशास्त्रज्ञ त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात, आणि तो राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून जाहीर झालेला आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडा घराण्याने बांधलेला एक लहानसा बुरूज आहे. हा बुरूज बागेहून जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकून ते शहाजीराजांच्या जहागिरीत दिले, तेव्हाही त्या खडकाखाली बाग नव्हती. ती आली १७६० च्या सुमारास, हैदरअलीच्या हातून, सुमारे चाळीस एकरांत. शिऱ्याच्या मोगल सुभेदारांची बाग पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. टिपूने ती वाढविली, आणि मुलतान, लाहोर, काबूल, इतकेच नव्हे तर मॉरिशससारख्या दूरच्या बेटावरूनही बियाणे आणि रोपे मागविली. टिपूच्या मृत्यूनंतर लगेच, १८०० मध्ये, फ्रान्सिस बुखानन हा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या वतीने म्हैसूर राज्याची पाहणी करीत येथे आला. त्याने पाहिलेल्या बागेत चौकोनी वाफे होते, मधून वाटा होत्या, वाटांच्या कडेला सुरूची झाडे होती, आणि प्रत्येक वाफा एकेका वनस्पतीला वाहिलेला होता: एकात केवळ गुलाब, दुसऱ्यात केवळ डाळिंबे.

ही राजाची खाजगी बाग. राजे गेले, म्हणजे अशा बागांचे बहुधा रान होते किंवा छावणी होते. येथे तसे झाले नाही, याचे श्रेय काही अंशी योगायोगाला द्यावे लागेल. मेजर वॉ नावाच्या एका वनस्पतिवेड्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती ती पडली. १८१९ मध्ये त्याने ती कंपनी सरकारला देऊ केली, आणि काही वर्षे तिची देखरेख थेट कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख वॉलिक यांच्याकडे होती. नंतर पुन्हा हस्तांतरे झाली. १८५६ मध्ये, ह्यू क्लेगहॉर्न यांच्या शिफारशीवरून, तिला सरकारी उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन वर्षांनी लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले विल्यम न्यू तेथे अधीक्षक म्हणून रुजू झाले.

या ठिकाणी बागेचा हेतू प्रथमच शब्दांत मांडला गेला. बाहेरची झाडे आणून ती या हवेत रुजतात की नाही हे पाहावे, देशी झाडांचा उपयोग वाढवावा, आणि जे रुजेल त्याचे बी व रोपे लोकांना द्यावीत. पण नीट पाहिले तर हे सूत्र सर्वस्वी नवे नव्हते. मुलतानचे बी बंगळुरात लावणारा टिपू यातले पहिले अर्धे काम करीतच होता. त्याचे फळ राजवाड्यात जात असे. आता ते शेतकऱ्याच्या वाफ्यात जावे, एवढाच फरक झाला. किंबहुना लालबागेचा पुढचा सारा इतिहास म्हणजे ‘आणावे, रुजवावे, वाटावे’ या तीन क्रियापदांचा इतिहास आहे, आणि तेथे आलेले प्रत्येक आकर्षण टिकले किंवा गेले ते याच तीन शब्दांच्या कसोटीवर.

१८७४ मध्ये जॉन कॅमरॉन अधीक्षक झाले, तेव्हा बाग पंचेचाळीस एकरांची होती. १८९४ पर्यंत ती एकशे अठ्ठ्याऐंशी एकरांवर गेली. तो खडक आणि तो बुरूजही याच काळात बागेच्या कुंपणाआत आले. कॅमरॉन यांनी आणलेल्या अनेक वनस्पतींपैकी एक आज दक्षिणेतील प्रत्येक भाजीबाजारात दिसते. हिरवी, सुरकुतलेली, नासपतीच्या आकाराची ही फळभाजी काही लोक चवचव म्हणून ओळखतात; कानडीत तिला ‘सीमेबदनेकाई’, म्हणजे विलायती वांगे, असे नाव आहे. तमिळ भाषेत तर तिला बंगळूरचे वांगे म्हणतात. मूळची मेक्सिकोकडील ही वेल शेजारच्या मुलखात बंगळूरच्या नावाने ओळखली जावी, यापरते ‘वाटण्या’चे प्रशस्तिपत्र कोणते?

त्याच कॅमरॉन यांच्या कारकिर्दीत काचघर उभे राहिले. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी ब्रिटनचा राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. ओतीव लोखंडाचा सांगाडा ग्लासगोच्या मॅकफार्लेन कारखान्यातून आला होता, आणि नमुना होता लंडनच्या सुप्रसिद्ध स्फटिकप्रासादाचा. आता, विलायतेत काचघर बांधतात ते उष्ण देशांतील रोपांना ऊब मिळावी म्हणून. बंगळूरच्या हवेत त्या उबेचे काय काम? ही वास्तू म्हणूनच आरंभापासून थोडी पाहुण्यासारखी होती. तिला काम मिळाले ते फुलाफळांच्या प्रदर्शनांचे. रुजविलेले लोकांपुढे मांडावयास एक छप्पर हवे होते, ते तिने पुरविले. १९३५ मध्ये जवराया यांच्या अधीक्षकपदाच्या काळात तिचा विस्तार झाला, आणि त्यासाठी भद्रावतीच्या म्हैसूर लोखंड कारखान्याचे लोखंड वापरण्यात आले. ग्लासगोचे लोखंड आणि भद्रावतीचे लोखंड एकाच छपराखाली इतक्या बेमालूमपणे जुळले आहे, की पाहणाऱ्याला सांधा शोधावा लागतो.

मूळ स्फटिकप्रासादाचे भाग्य असे नव्हते. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाईड पार्कमध्ये उभारलेली ती इमारत उपनगरात नेऊन १८५४ मध्ये पुन्हा उघडली. तिच्या उद्यानात प्रागैतिहासिक प्राण्यांचे पुतळे बसविले. मग दारूकाम आले, मैफली आल्या, फुटबॉलचे अंतिम सामने आले. प्रत्येक नव्या आकर्षणाने काही काळ गर्दी खेचली आणि खर्च वाढविला. १९११ मध्ये तिचे दिवाळे निघाले, आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री ती जळून खाक झाली. तारीख तीच, बंगळूरच्या कोनशिलेची. आग काही आकर्षणांमुळे लागली नाही. पण त्या वेळेपर्यंत ती इमारत नेमकी कशासाठी आहे, याचे सरळ उत्तर देणे कठीण होऊन बसले होते.

लालबागेलाही मोह झाला नाही असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे एक प्राणिसंग्रह होता. वाघ, अस्वले, माकडे, नाना जातींचे पक्षी. गर्दी कोणत्या पिंजऱ्यापुढे होत असेल हे सांगावयास नको. झाडापुढे कोणी रांग लावीत नाही. बागेच्या अधिकाऱ्याने वाघाला खाऊ घालावे की खत विकत घ्यावे, हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी अंदाजपत्रकात तो हास्यास्पद नसतो. वाघ आणता येतो, पण तो रुजविता येत नाही आणि वाटता तर मुळीच येत नाही. १८९२ मध्ये म्हैसूरला चामराजेंद्र वोडेयरांनी स्वतंत्र प्राणिसंग्रहालय स्थापन केले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लालबागेतील जनावरांचे पर्व संपले. आज त्या काळाची खूण म्हणून एक देखणे कबूतरखाना-घर तेवढे उरले आहे. लोकप्रिय गोष्ट काढून टाकणे हे नवी गोष्ट आणण्याहून अवघड असते, आणि लालबागेच्या इतिहासातील हा निर्णय, त्याचा गाजावाजा झाला नसला तरी, सर्वांत मोलाचा मानावा लागेल.

याच्या उलट उदाहरण मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. मुंबईची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये वनस्पती-उद्यान म्हणूनच उघडली. प्राणी नंतर आले, आणि हळूहळू ते यजमान झाले. आज ‘राणीच्या बागेत जाऊ’ म्हणणारे मूल वाघाला नाहीतर पेंग्विनला भेटावयास निघालेले असते. २०१७ मध्ये लोकांसमोर आलेल्या पेंग्विनांपुढे जी रांग लागली, तिच्यातील कितीजणांनी शेजारच्या दुर्मीळ वृक्षाकडे मान वर करून पाहिले असेल? या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे आंतरराष्ट्रीय धर्तीचे प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना निघाली, तेव्हा ही मुळात झाडांची बाग आहे, हे सिद्ध करण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

लालबागेचे सूत्र सर्वांत दूर नेले ते क्रुंबीगेल यांनी. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला आणि क्यू उद्यानात शिकलेला हा जर्मन उद्यानतज्ज्ञ प्रथम सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून बडोद्यास आला. तेथून १९०८ मध्ये म्हैसूर राज्यात लालबागेवर त्याची नेमणूक झाली. बागेत नवे आकर्षण उभारण्यापेक्षा बागच कुंपणाबाहेर काढावी, असा त्याचा ओढा होता. रस्त्यांच्या कडेला कोणती झाडे लावावीत याचा त्याने असा क्रम बसविला, की एकाचा बहर ओसरावा तो दुसऱ्याचा सुरू व्हावा, आणि वर्षाचा कोणताही महिना फुलावाचून जाऊ नये. १९१२ मध्ये म्हैसूर उद्यानसंस्था स्थापन झाली. लालबागेची प्रदर्शने आजही तिच्या सहकार्याने भरतात. क्रुंबीगेल १९५६ मध्ये बंगळुरातच निवर्तले. जवराया आणि नंतर मरीगौडा या त्यांच्या भारतीय वारसांनीही विलायतेत शिक्षण घेतले होते, पण त्यांची दृष्टी फळबागांकडे आणि खेड्यांकडे होती. मरीगौडांच्या काळात बाग दोनशे चाळीस एकरांच्या आसपास पोहोचली.

आता पुन्हा त्या फुलांच्या प्रतिमांकडे. २०२४ च्या ऑगस्टमधील प्रदर्शनाचा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन हा होता. पुढच्या जानेवारीत महर्षी वाल्मीकी आणि रामायण. विषय थोर आहेत यात शंका नाही. तथापि फुलांचा उपयोग येथे रंगासारखा होतो, आणि फूल कोणत्या झाडाचे, ते झाड कोठले, हे विचारावयास गर्दीत कोणाला सवड नसते. टिपूच्या वाफ्यातील गुलाब गुलाब म्हणूनच पाहिला जात असे. या प्रतिमा म्हणजे नव्या काळातील वाघच होत, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सहजासहजी खोडून काढता येणार नाही. आक्षेपाला उत्तर एकच, आणि ते काचघराच्या बाहेर मिळते. तेथे बी-बियाणे विकले जाते, कुंडीत वाढविलेली रोपे विकली जातात, घरगुती बागांच्या स्पर्धांची बक्षिसे दिली जातात. प्रतिमा गर्दी आणते आणि रोपवाटिका ती गर्दी रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. जोपर्यंत हे दुसरे काम चालू आहे, तोपर्यंत पहिल्याबद्दल फार कठोर होण्याचे कारण नाही.

धोका आता करमणुकीहून वेगळ्या बाजूने येतो. २०२५ मध्ये शहराखालून काढावयाच्या बोगदा-रस्त्याचे एक तोंड लालबागेच्या कडेस उघडण्याची योजना पुढे आली. बागेची जमीन जाणार आणि त्या पुरातन खडकाशेजारी खोदकाम होणार, म्हणून रोज सकाळी तेथे फिरावयास येणारी माणसे, भूशास्त्राचे अभ्यासक आणि वृक्षप्रेमी विरोधास उभे राहिले. या योजनेचे पुरस्कर्तेही वेडे नव्हेत. महादेवपुऱ्याहून शहरात यावयास लागणारा वेळ ज्याने अनुभवला आहे, त्याला रस्त्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. परंतु वाघ जसा म्हैसूरला नेता आला, तसा हा खडक कोठेही नेता येत नाही.

प्रदर्शन आटोपून संध्याकाळी परतणाऱ्या मेट्रोच्या डब्यात पिशवीतून डोकावणारी रोपे दिसतात. महादेवपुऱ्याच्या बाराव्या-चौदाव्या मजल्यावरील सज्ज्यांत त्यांची रवानगी होते. काही जगतात.