गोठ्यातून आलेली गोळी

आपल्या अनेक घरांत ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. त्यांपैकी वॉरफरिन या जुन्या गोळीची कथा गोठ्यात सुरू होते.

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा व उत्तर अमेरिकेच्या कुरणांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. साधी शिंगे कापली तरी रक्त थांबेना. ‘स्वीट क्लोव्हर’ या चाऱ्याला आलेली बुरशी हे त्याचे कारण असल्याचे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेले रक्त घेऊन, हिमवादळातून विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्याकडे आला. त्यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील घातक द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले, तर १९५४ मध्ये माणसांचे औषध झाले. १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिले गेले.

विष आणि औषध यांत फरक मात्रेचा. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते, म्हणून आयएनआर तपासणी चुकवू नये. हे जीवनसत्त्व पालेभाज्यांत भरपूर असते. ऋषीची भाजी जरूर खावी, पण रोजच्या आहारात एकदम मोठा बदल नको. आणि गोळी मनाने कमी-जास्त करणे तर नकोच.