फ्लाय फिशिंग : ओढ्यातला ट्राउट

पिसे, लोकर आणि दोरा बारीक गळावर बांधून केलेल्या खोट्या माशीने मासा गरवण्याची पद्धत. कोकणातल्या गरवण्याशी ताडून पाहिले की फरक चटकन ध्यानात येतो. तिथे दोरीला बांधलेले शिसे आमिषाला दूर नेते. इथे माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून जड दोरीच काठीने मागेपुढे झुलवून फेकतात आणि तिच्यामागून माशी जाते. दोघींच्या मध्ये माशाला सहसा न दिसणारा बारीक तंतू असतो.

मोठ्या नदीवर लांब फेकीचे कौतुक होते. झाडीतल्या ओढ्यावर तिला वावच नसतो. काठीही सहा-सात फुटांची पुरते. इथली खरी विद्या आहे न दिसता जवळ जाण्याची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा दगडाच्या आडोशाला, एका जागी थांबतो आणि पाणी आणून देईल ते टिपतो. म्हणून गरवणारा ओढ्याच्या खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून वर सरकतो. पाण्याबाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे काठालगतच्या बुटक्या वस्तू त्या शंकूच्या कडेला दबून जातात. गुडघ्यांवर बसलेला माणूस त्याच्या नजरेतून निसटतो तो यामुळेच.

पडलेली माशी पाण्याच्याच वेगाने वाहायला हवी. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ उमटवत जाते आणि ट्राउट तिला तोंड लावत नाही. यावर उपाय साधा आहे : काठी उंच धरून जमेल तितकी दोरी पाण्याबाहेर ठेवणे. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरील तेनकारा पद्धतीत हे उत्तम साधते. तिच्यात रीळ नसते, दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असते.

रोमन काळातील लेखक एलियन याने मॅसेडोनियातील लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळावर बांधत, असे नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळ-मासेमारीवरील प्रबंधात १२ माश्या दिल्या आहेत. पुढे फ्रेडरिक हॅलफोर्डने तरंगत्या माशीचे शास्त्र बांधले, जी. ई. एम. स्क्यूजने १९१० च्या पुस्तकात पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच, कीटकांच्या अपक्व अवस्थांवर चालते, हे पाहता स्क्यूजचे म्हणणे अधिक पटते.

काश्मीर आणि हिमाचलातील ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. ब्रिटिश अमदानीत तो तिथे सोडला गेला. तेथील ओढ्यांचा मूळ रहिवासी स्नो ट्राउट वेगळ्या कुळातला, कार्पचा नातलग आहे. ट्राउटच्या ओढ्याचे वर्णन करताना हा भेद विसरू नये.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरतात, हात ओले करून त्याला पाण्यातच धरतात आणि तोंड प्रवाहाकडे ठेवतात. पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास तापले की गरवणे थांबवावे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरू शकतो.